कांजिण्या: मुलाला शाळेत परत कधी पाठवायचं?

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

घरात मुलाला कांजिण्या झाल्या की पहिल्या दिवशी सगळे विचारतात, "ताप किती आहे?" आणि चौथ्या दिवसापासून विचारतात, "आता बाहेर सोडायचं का?" या दुसऱ्या प्रश्नाचं प्रत्येकाकडे वेगळं उत्तर असतं. आजी म्हणते, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली की झालं. शेजारच्या काकू म्हणतात, सगळ्या खपल्या पडू देत. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी "सात दिवस" ठोकून देतं. शाळेला सर्टिफिकेट हवं असतं. आणि आई-बाबांच्या सुट्ट्या संपत आलेल्या असतात.

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण या प्रश्नात मला एक ओळखीची गोष्ट दिसते. आपण सगळे टायमर लावून बसतो, आणि खरं तर इथे टायमर नाहीये, अट आहे. अट अशी: नवे फोड यायचे थांबले पाहिजेत, आणि आलेल्या प्रत्येक फोडावर खपली धरली पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बहुतेक मुलांमध्ये पुरळ दिसल्यापासून पाच ते सात दिवसांत ही अट पूर्ण होते, म्हणून तो "सात दिवसां"चा आकडा फिरत राहतो. काही मुलांना जास्त दिवस लागतात. अशा वेळी दिवस मोजून काही उपयोग नाही, अंगाकडेच बघावं लागतं.

असं का? कांजिण्यांचा विषाणू फोडातल्या पाण्यात असतो आणि आजारी मुलाच्या श्वासातूनही पसरतो. फोड सुकला, वर खपली आली की तिथून धोका संपल्यात जमा. खपली नंतर आठ-दहा दिवस चिकटून राहू दे, ती संसर्ग देत नाही. म्हणजे काकूंचा नियम गरजेपेक्षा कडक आहे. पण काकूंना हसू नका. देवीच्या रोगात शेवटची खपली गळून पडेपर्यंत माणूस संसर्ग देऊ शकायचा, तिथे हाच नियम बरोबर होता. आपल्याकडे देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. रोग गेला, नियम मात्र घराघरात राहिला असावा, असा माझा अंदाज.

पाल्याच्या आंघोळीचं म्हणाल तर, कोमट पाण्याची आंघोळ आजारातही रोज चालते, खाज कमी होते. पाला घालायला माझी हरकत नाही. फक्त आंघोळ झाली याचा अर्थ संसर्ग संपला, असा होत नाही. ताप उतरला, मूल उड्या मारायला लागलं, याचाही तो अर्थ नाही. ताप दोन-तीन दिवसांत जातो, फोड मागे राहतात.

आता बघायचं कसं? कांजिण्या एका झटक्यात येत नाहीत, लाटांनी येतात. त्यामुळे एकाच वेळी पोटावर लाल ठिपके, पाठीवर पाणी भरलेले फोड आणि छातीवर खपल्या असं सगळं सोबत दिसतं. आपण पाठ-पोट बघतो आणि "सुकलं" म्हणतो. शेवटची लाट मात्र लपून बसते: केसांत, कानामागे, काखेत, जांघेत, हाता-पायांवर. दिवसाच्या उजेडात, कपडे काढून, केसांत भांग पाडत पाडत फोनच्या टॉर्चनं बघा. रोज त्याच जागेचे फोटो काढून ठेवले तर नवा फोड लगेच कळतो, आणि डॉक्टरांना दाखवायलाही बरं पडतं. तोंडाच्या आत आलेले फोड खपली धरत नाहीत, तिथे ते भरून आलेत का ते बघायचं.

माझ्या ताईच्या घरचं सांगतो. भाचा सहा वर्षांचा. सोमवारी पुरळ दिसलं आणि पुढच्या रविवारी ताईच्या जावेचं डोहाळजेवण होतं. शनिवारपर्यंत गडी एकदम टुणटुणीत, पाठ-पोट कोरडं. घरात सूर असा की घेऊन जाऊ, एका कोपऱ्यात बसेल. ताईनं केसांत बघितलं तर दोन ताजे, पाणीदार फोड. विषय संपला. रविवारी भाचा आणि मी घरी, बाकीचे कार्यक्रमाला. पुढच्या बुधवारी सगळं सुकलं.

पण खरी काळजी त्या रविवारची नव्हतीच, ती आदल्या रविवारची होती. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो. त्या दिवशी भाचा ठणठणीत दिसत होता आणि याच काकूच्या मांडीवर बसून कार्टून बघत होता! ताईनं पुरळ दिसलं त्याच दिवशी जावेला फोन केला, जावेनं तिच्या डॉक्टरांना. रक्ततपासणी झाली, प्रतिकारशक्ती आहे असं निघालं, कारण लहानपणी तिला कांजिण्या होऊन गेल्या होत्या. ती नसती तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देता येतं, पण ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि बाळंतपणाच्या आगेमागे झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून लाजून किंवा "उगाच घाबरतील" म्हणून गप्प बसू नका. पुरळ दिसलं की मागच्या दोन दिवसांत कोण कोण भेटलं ते आठवा. गरोदर बाई, तान्हं बाळ, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेलं कुणी असेल, तर त्यांना आजच फोन करा. वर्गशिक्षिकेला आणि पाळणाघरालाही कळवा.

लस घेतलेल्या मुलालाही कधी कधी कांजिण्या होतात, बहुधा सौम्य. थोडेच ठिपके येतात, पाणी भरतच नाही, मग खपली कुठून धरणार? तिथे अट बदलते: सलग 24 तास एकही नवा ठिपका आला नाही, की पाठवायला हरकत नाही.

आजोबांना नागीण झाली असेल तर? विषाणू तोच आहे. लहानपणीच्या कांजिण्यांनंतर तो मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. नागिणीच्या ओल्या फोडांमुळे, कांजिण्या न झालेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा फोड झाकून ठेवायचे, आणि ते सुकेपर्यंत नातवाला मांडीवर घ्यायचं नाही.

औषधाबद्दल एकच: तापासाठी मुलाला ॲस्पिरिन देऊ नका. कांजिण्यांमध्ये ॲस्पिरिननं मेंदू आणि यकृतावर परिणाम करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही मनानं नको. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मूल गुंगीत जातंय, धाप लागतेय, मान ताठ झालीय, फोडाभोवती लाली-सूज पसरतेय किंवा उतरलेला ताप परत चढला, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आणि घरात दुसरं लहान मूल असेल, ज्याला कांजिण्याही झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, तर कॅलेंडर इथे मात्र काढा. एका घरात राहणाऱ्या अशा दहापैकी साधारण नऊ जणांना लागण होते. संपर्कानंतर 10 ते 21 दिवसांत पुरळ येतं, आणि पुरळाआधीचे दोन दिवस धरले तर आठव्या दिवसापासूनच सांभाळायला हवं. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो, त्यामुळे पहिल्याला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा दुसऱ्याचंही विचारून घ्या. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, खासगीत घ्यावी लागते. मोठा बरा झाला म्हणून लगेच पुढच्या आठवड्याची गावची तिकिटं काढू नका, धाकट्याचे 21 दिवस जाऊ द्या.