‘छापायला’ नावाचा फोल्डर

लग्नपत्रिकांवर मुहूर्त चुकीचा छापला गेला, त्या दिवशी मी छापखान्यातच होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रत्नागिरीतल्या एका जुन्या छापखान्यात मुद्रितं तपासायला जाते. वधूच्या वडिलांनी फोन करून ११ वाजून २० मिनिटांच्या जागी १२ वाजून ३५ मिनिटं करायला सांगितलं होतं. पुढच्या खोलीत दुरुस्ती झाली, मी ती वाचून कागदावर सही केली. मागच्या खोलीत मात्र छापली गेली आदल्या दिवशीची फाइल. पेनड्राइव्हवर एकीचं नाव होतं ‘पत्रिका फायनल’ आणि दुसरीचं ‘पत्रिका फायनल नवी’. घाईत हात पहिलीवर पडला. मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, रात्रभर बसून साऱ्या पत्रिका पदरच्या पैशानं पुन्हा छापल्या.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं एकाच वेळी. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्याकडे येणारे बागायतदार लेबलावरच्या शब्दाशब्दाला जपतात. तीन खोल्या, तीन संगणक, आणि त्यांच्यामध्ये दिवसभर येरझारा घालणारा एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह न्यायचा म्हणजे प्रत न्यायची. संध्याकाळपर्यंत एका पत्रिकेच्या चार-पाच प्रती तीन ठिकाणी साठलेल्या असायच्या आणि त्यातली खरी कोणती, हे फक्त कोणाच्या तरी डोक्यात असायचं. चूक माणसाची नव्हती, या येरझाऱ्यांची होती, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

दुसऱ्या आठवड्यात संगणकांची जोडणी करणारा मुलगा आला. माझ्याच वर्गातून गेलेला, त्यामुळे अजून मला बाई म्हणतो. त्यानं काय काय केलं ते मी शेजारी स्टूल घेऊन पाहिलं.

पहिला अडसर घराचाच. छापखाना जुन्या चिऱ्याच्या घरात आहे, भिंती दीड फुटी. पुढच्या खोलीतलं वायफाय मागच्या खोलीत पोचेपर्यंत मलूल होतं. म्हणून वायर हवीच. जुनी वायर होती, पण तिच्यावरून मोठी फाइल जायला दोन मिनिटं लागायची. त्यानं टोकाचा प्लग काढून उजेडात धरला. शेवटच्या दोन पितळी पट्ट्या हिरवट पडल्या होत्या. “खारा वारा, बाई,” तो म्हणाला. समुद्र इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन वळलेल्या. संथ जोडणीला त्यातल्या चारच पुरतात, वेगवान जोडणीला आठही लागतात. दोन तारा गंजल्यामुळे यंत्रांनी काही न बोलता दहापट कमी वेगावर समाधान मानलं होतं. काम चालत होतं म्हणून कोणी पाहिलंच नाही.

त्यानं नवी वायर ओढली, टोक सोललं आणि आठ तारा चिमटीत ओळीनं लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या पोटात का घालतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, टेलिफोनच्या जमान्यापासून मधल्या दोन जागा निळ्या जोडीच्या, ती रचना तशीच राहिली. मग क्रिंपिंगच्या पकडीचा एक कचकन आवाज, आणि टेस्टरवर एकापाठोपाठ आठ हिरवे दिवे. एकसुद्धा गळला तर तो टोक कापून पुन्हा सुरुवात करायचा. दुसऱ्या बाजूचं टोक त्यानं तीनदा केलं. असं काम पाहताना मला बरं वाटतं.

तारा जुळल्या म्हणजे संगणक एकमेकांना दिसतात, असं नाही. प्रत्येक यंत्राला जाळ्यात आकड्यांचा एक पत्ता असतो आणि तो राउटर वाटतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही. वीज आली की राउटर पुन्हा पत्ते वाटतो आणि कालचा पत्ता आज दुसऱ्याच यंत्राला गेलेला असू शकतो. त्यानं राउटरमध्ये पुढच्या खोलीतल्या संगणकासाठी १९२.१६८.१.१० हा पत्ता राखून ठेवला आणि त्याची चिठ्ठी यंत्रावर चिकटवली. मग प्रत्येक विंडोजला सांगितलं की हे जाळं खासगी आहे, सार्वजनिक नाही. सार्वजनिक म्हटलं की विंडोज स्वतःला लपवून घेतं, आणि बसस्टँडवर ते योग्यच आहे.

खरा वाद झाला तो मधल्या खोलीतल्या नव्या संगणकावरून. मागच्या खोलीतलं जुनं विंडोज ७ चं यंत्र कधीपासून पासवर्डशिवाय उघडं होतं, कोणीही यावं, काहीही न्यावं. नव्या विंडोज ११ नं तिथे जायला नकार दिला. ओळख न सांगणाऱ्या पाहुण्याशी व्यवहार करायचा नाही, असा त्याचा आता नियम आहे. अण्णा वैतागून म्हणाले, “अरे, ती सुरक्षा बंद कर ना. घरातलीच माणसं आहेत.” मुलगा हात मागे घेऊन बसला. “अण्णा, ते मी नाही करणार. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देतो, पाच मिनिटं लागतील.”

त्याचा हट्ट रास्त होता. विंडोजचे संगणक आपसात फायली देतात-घेतात ते एसएमबी नावाच्या पद्धतीनं. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली, तेव्हा जाळ्यात ओळखीचेच लोक असत. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय जगभर पसरला आणि माणसांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, ती अनेकांनी बसवली नव्हती. दीड महिन्यानं, जूनच्या अखेरीस, नॉटपेट्या आला. तोही एकदा आत शिरला की याच वाटेनं शेजारच्या यंत्रांवर जाई. त्याचा फटका आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही बसला आणि कंटेनरची वाहतूक अडली. आमच्या जुन्या यंत्राच्या विंडोजला तर जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंच थांबलं आहे. मुलानं त्याचं इंटरनेट कायमचं तोडलं. छपाईला इंटरनेट लागत नाही.

मग आला परवानग्यांचा भाग, आणि माझ्या दृष्टीनं सगळं मर्म तिथेच आहे. कोकणात सामाईक हा शब्द जपून उच्चारतात. सातबारावर बारा नावं असलेली जमीन सगळ्यांची असते आणि तिचा गडगा पडला की उचलायला कोणी नसतं. फोल्डरचंही तसंच होतं. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिलं की काम लगेच सुरू होतं, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच करतात. या मुलानं आम्हाला समोर बसवून विचारलं: कोण लिहिणार, कोण नुसतं पाहणार?

पुढच्या खोलीतल्या संगणकावर तीन फोल्डर झाले: ‘आलेलं’, ‘तपासायला’ आणि ‘छापायला’. पहिल्या दोहोंत पुढची आणि मधली खोली लिहू शकते. तिसऱ्यात फक्त पुढची, तेही माझी सही झाल्यावर. मागची खोली ‘छापायला’ नुसता वाचते. परवानगी दोन जागी द्यावी लागते, एकदा ‘शेअरिंग’मध्ये आणि एकदा ‘सिक्युरिटी’मध्ये, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. पहिल्या दिवशी एकीकडे दिलेली परवानगी दुसरीकडे राहिली होती, म्हणून अर्धा तास काहीच उघडेना.

मागच्या खोलीतले छपाई करणारे दादा नाराज झाले. वर्षानुवर्षं बारीकसारीक दुरुस्ती ते स्वतःच करत आले होते, आणि त्यांचा हात चांगला आहे. पण तीच सवय प्रती वाढवत होती. अण्णांनी ठरवलं, दुरुस्ती एकाच जागी. आता दादा हाक मारतात, पुढच्या खोलीत बदल होतो आणि त्यांच्या यंत्रावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसणाऱ्या ‘छापायला’मधून तीच फाइल नव्यानं उघडते. फाइल हलत नाही, तिचा मजकूर तेवढा वायरीवरून येतो.

एक अडचण खास आपली. पहिल्याच दिवशी मधल्या खोलीत पत्रिका उघडली आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग दिसली. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोडमधले नाहीत. फाइलमध्ये अक्षरं नसतात, त्या फॉन्टमधल्या घरांचे क्रमांक असतात. फोल्डर सामाईक झाला तरी फॉन्ट ज्याच्या त्याच्या यंत्रावर बसवावाच लागतो. तीनही यंत्रांवरचे फॉन्ट एकसारखे करायला पूर्ण दुपार गेली. मराठी छापखान्यात जोडणी करणाऱ्यानं हा वेळ आधीच धरावा.

जूनच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की आम्ही जाळ्याच्या वायरी जिथे जुळतात त्या स्विचमधून त्या काढून ठेवतो. आणि दर शनिवारी अण्णा बाहेरची डिस्क लावतात, तिन्ही फोल्डर उतरवून घेतात, डिस्क काढून घरच्या कपाटात ठेवतात. सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. खंडणीवाला व्हायरस एका यंत्रात शिरला, तर त्या यंत्राला जिथे जिथे लिहिता येतं तिथलं सगळं तो कुलूपबंद करतो, म्हणून डिस्क लावून ठेवलेली चालत नाही.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या कचेरीत असा फोल्डर असेल, तर आज घरी जाण्यापूर्वी त्याचं ‘शेअरिंग’ उघडून पाहा. ‘एव्हरीवन’समोर ‘फुल कंट्रोल’ची खूण असेल तर ती काढा, आणि ज्याला लिहायचं आहे त्याचंच नाव तिथे घाला.