करवतीचे दात आणि तीन धोटे : आपल्या भागातील हातमागाची ओळख



आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत आजीचे एखादे लुगडे जपून ठेवलेले असेल. सवड मिळाली की ते काढून त्याचा काठ नीट पाहावा. काठ आणि मधले अंग जेथे मिळतात तेथे करवतीसारखे बारीक दात दिसले, तर ते करवतकाठी लुगडे आहे असे समजावे. भंडारा, पवनी, मोहाडी, आंधळगाव आणि नागपूर या बाजूला हे काम पिढ्यान् पिढ्या होत आले आहे. आपल्या बालाघाट जिल्ह्यात वारासिवनी आणि मेहंदीवाडा येथे हातमाग चालतात. या कलेची माहिती आपल्या मुलांना असावी, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

ही कला सीमेच्या दोन्ही बाजूंना का आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. म्हणजे त्यापूर्वी आपला हा प्रदेश भंडाऱ्याशी जोडलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे ८ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरकारी कामाची भाषा वेगळी झाली, पण सोयरीक, बाजारहाट आणि लुगड्याचा काठ तोच राहिला. विणकाम करणारा कोष्टी समाज दोन्हीकडे आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कोष्टी समाजाच्या रेशमी व बारीक सुती विणकामाची नोंद आहे.

आता मुख्य गोष्ट. करवतीचा काठ विणणे कठीण का आहे?

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. लांबीला ताणून बसवलेला तो ताणा, आणि आडवा जाणारा तो बाणा. बाण्याचा धागा कांडीवर भरून धोट्यात ठेवतात आणि धोटा एका बाजूकडून दुसरीकडे फेकतात. पायाखालच्या पावड्या दाबल्या की ताण्याचे काही धागे वर जातात, काही खाली येतात, आणि मधून धोट्याला वाट मिळते. साध्या कापडाला एक धोटा पुरतो.

मुलांनी घरी एक प्रयोग करावा. रंगीत कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. दोन्ही कडांना लाल आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्या उभ्या लावाव्यात. मग आडव्या पांढऱ्या पट्ट्या एक वर, एक खाली अशा गुंफाव्यात. काय दिसते? मधला भाग शुद्ध पांढरा होतो, पण कडेचा भाग लाल-पांढरा चौकडीचा होतो. कापडात धागे बारीक असल्यामुळे तोच भाग फिका गुलाबी दिसेल. काठ भरगच्च लाल हवा असेल तर तेथे ताणाही लाल हवा आणि बाणाही लाल हवा. पण लाल बाणा मधल्या पांढऱ्या अंगात जाऊन चालणार नाही.

म्हणून विणकर तीन धोटे घेतो. एक डाव्या काठाचा, एक उजव्या काठाचा आणि एक मधल्या अंगाचा. काठाचा धागा काठापुरताच जातो आणि परत फिरतो. जेथे काठाचा बाणा व अंगाचा बाणा समोरासमोर येतात, तेथे त्यांना एकमेकांत अडकवतात. न अडकवले तर तेथे फट पडेल. ही अडकवण्याची जागा दर काही ओळींनी थोडी आत, मग थोडी बाहेर सरकवत नेली की दात तयार होतात. हे प्रत्येक ओळीत, दोन्ही बाजूंना करावे लागते. नजर चुकली की दात वाकडा होतो. कापडाला वेळ लागतो तो यामुळेच, आणि किंमत वाढते तीही यामुळेच. तामिळनाडूत कांचीपुरमचे विणकर अशाच तीन धोट्यांच्या कामाला कोरवई म्हणतात.

करवतकाठीत कोसा वापरतात, ही आपल्या जंगलाची देणगी आहे. कोशाची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खाते. ऐनाला आपल्याकडे हिंदीत साजा म्हणतात. म्हणजे या लुगड्याच्या मागे केवळ विणकर नाही, तर कोसा पाळणारा, धागा काढणारी, कांड्या भरणारी आणि खळ लावणारी अशी अनेक माणसे आहेत. झाडे गेली तर कोसा जातो, आणि कोसा गेला तर पुढची कामेही थांबतात.

या कामावर पहिला मोठा आघात गिरण्यांमुळे झाला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. गिरणीचे कापड स्वस्त होते, आणि विणकरांच्या घरची पुष्कळ माणसे मागावरून उठून गिरणीत कामाला गेली. पुढे यंत्रमाग आले. शासनाने १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवले, तरी बाजारात यंत्राचा माल हातमागाच्या नावाने विकला जातो. देशात २००९-१० च्या गणनेत हातमागावर काम करणारे ४३.३१ लाख होते. २०१९-२० च्या गणनेत ते ३५.२२ लाख उरले. दहा वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसे कमी झाली.

चांगली बातमीही आहे. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये वारासिवनीच्या हातमाग साडीलाही ते मिळाले. याचा अर्थ असा की हे नाव आता दुसऱ्या ठिकाणच्या मालाला लावता येत नाही. परंतु मानांकनाने विणकराची मजुरी आपोआप वाढत नाही. ग्राहकाने ओळखून घेतले तरच त्याचा उपयोग. साडी घेताना काठाची उलटी बाजू पाहावी. काठाचा रंग भरगच्च आहे का, आणि दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले आहेत का, की नुसतेच मोकळे सोडून कापले आहेत, हे पाहावे. हातमागाचे चिन्ह आहे का, तेही विचारावे.

हा प्रश्न आपल्याच भागाचा नाही. भूमध्य समुद्रातील माल्टा हा देश ३१६ चौरस किलोमीटरचा आहे. आपला बालाघाट जिल्हा त्याच्या सुमारे २९ पट मोठा. तेथील गोझो बेटावर स्त्रिया उशीवर टाचण्या रोवून लाकडी कांड्यांनी लेस विणतात. यंत्राच्या लेसपुढे हाताची लेस टिकवणे त्यांनाही सोपे नाही. तरी त्या छोट्या देशाने आपली लेस ही आपली ओळख मानली आहे.

आता शाळेविषयी. प्रवेशाच्या अर्जात पालकांच्या व्यवसायाचा रकाना असतो. विणकाम करणारे पालकही तेथे ‘मजदूरी’ असे लिहितात, हे आम्ही पाहिले आहे. तीन धोटे सांभाळून अचूक दात काढणे ही साधी मजुरी नव्हे. पालकांना आमची विनंती आहे की त्यांनी तेथे ‘विणकर’ किंवा ‘बुनकर’ असे अभिमानाने लिहावे.

आम्ही कोणत्याही मुलाला सांगणार नाही की तू मागावरच बैस. ज्या कामात पोट भरत नाही ते मुलाने केवळ परंपरेसाठी करावे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो डॉक्टर होवो, शिक्षक होवो. पण काम सोडणे वेगळे आणि त्याची लाज वाटणे वेगळे.

सर्व मुलांनी एक काम मात्र करावे. आपली शाळेची भाषा हिंदी आणि घरची मराठी. धोटा, फणी, कांडी, खळ हे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटणार नाहीत, ते आजी-आजोबांजवळच आहेत. घरी, नातेवाइकांकडे किंवा वारासिवनी, आमगाव, भंडाऱ्याकडे गेल्यावर असे शब्द विचारून वहीत लिहावेत, शेजारी छोटे चित्र काढावे. कुंभार, बुरड, सुतार यांच्या कामातील शब्दही चालतील. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्यातून निवडलेले शब्द आम्ही पुढील अंकांत मुलांच्या नावांसह छापू.