कललेल्या झाडात कोंडलेला ताण

सरळ वाढलेले झाड पाडताना ते कोणत्या बाजूला पडेल हे तोडणाऱ्याला ठरवावे लागते. एका बाजूला जोराने कललेल्या झाडाची दिशा मात्र आधीच ठरलेली असते, आणि म्हणूनच असे झाड पाडणे सोपे, असा समज सहज होतो. हा समज जिवावर बेतू शकतो, कारण कललेले झाड तोडणाऱ्याचे काम पुरे होईपर्यंत थांबत नाही. करवत अर्ध्या वाटेवर असतानाच ते निघते, आणि त्या क्षणी खोडात किती लाकूड कोठे शिल्लक आहे, यावर तोडणाऱ्याचे प्राण अवलंबून राहतात.

खोड कलू लागले की ते सावरण्यासाठी झाड नव्याने तयार होणाऱ्या लाकडाची घडणच बदलते. चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत असे लाकूड कलाच्या खालच्या बाजूला तयार होऊन खोडाला वर रेटते, त्याला दाबकाष्ठ म्हणतात. ओक, अ‍ॅश, निलगिरी यांसारख्या रुंदपर्णी, म्हणजे कठीण लाकडाच्या वृक्षांत ते वरच्या बाजूला तयार होऊन खोडाला मागे ओढून धरते, त्याला ताणकाष्ठ म्हणतात. ताणकाष्ठाच्या पुष्कळ तंतूंच्या आतल्या बाजूला जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा जेलीसारखा थर असतो, त्यातले सूक्ष्म धागे तंतूच्या लांबीला जवळपास समांतर असतात, आणि हे तंतू आखडू पाहत असल्यामुळे खोडाची वरची बाजू वर्षानुवर्षे ताणलेल्या अवस्थेत राहते. असे लाकूड ओले असताना कापले तर कापलेल्या पृष्ठभागावर लोकरीसारखी लव उठते, आणि ओंडक्याच्या आडव्या छेदात वाढीची वलये वरच्या बाजूला रुंद, खालच्या बाजूला अरुंद दिसतात.

या आंतरिक ताणात झाडाच्या वजनाची भर पडते. उदाहरणादाखल, 60 सेंटिमीटर व्यासाच्या आणि ओल्या लाकडासह 3 टन वजनाच्या झाडाचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून आडव्या अंतराने 2 मीटर बाहेर गेला असेल, तर बुंध्याला वाकवू पाहणारे बलाघूर्ण सुमारे 59 हजार न्यूटन-मीटर भरते. अखंड खोड ते सहज पेलते. परंतु एखाद्या छेदाची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे, रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी झाली की उरलेल्या लाकडावरचा ताण चौपट होतो आणि एक तृतीयांश उरली की नऊपट. नेहमीच्या पद्धतीत समोर खाच घेतल्यानंतर मागून सरळ कापत गेले, तर अगदी हीच जाडी क्षणाक्षणाला कमी होत जाते.

त्यातही लाकूड सर्व दिशांनी सारखे बळकट नसते. तंतूंच्या दिशेने ओढले असता ते जेवढा ताण सोसते, त्याच्या अगदी लहान अंशाएवढ्या ताणाने ते तंतूंना आडवे ओढल्यास फाटते. बुरुडाने बांबूच्या टोकाला कोयती घातली की पुढची चीर आपोआप धावते, ती याच कारणाने. मागून केलेला काप अपुरा असताना झाड झुकू लागले, तर पुढचे लाकूड वाकण्याइतके पातळ झालेले नसते आणि तुटण्याइतके कमकुवतही नसते. अशा वेळी कापाच्या टोकापासून खोड उभे चिरत जाते, मागची फळी झाडाबरोबर वर उचलली जाऊन वेगाने पाठीमागे, तोडणारा उभा असतो त्याच बाजूला, झेपावते, आणि शेवटी काही मीटर उंचीवर अडकलेले वजनदार खोड कोणत्याही बाजूला घसरू शकते. इंग्रजीभाषक लाकूडतोडे या प्रकाराला ‘बार्बर चेअर’ म्हणतात. चीर सुरू झाल्यावर पळण्यास वेळ मिळत नाही, म्हणून ती सुरूच होऊ न देणे एवढाच उपाय उरतो.

ओक आणि अ‍ॅशच्या अमेरिकी जंगलांत स्वीडिश प्रशिक्षक सोरेन एरिक्सन यांच्या शिकवणीतून रुजलेल्या पद्धतीत कापांचा क्रमच उलटा केलेला आहे. कलाच्या बाजूला 70 ते 90 अंशांची, पण फार खोल न जाणारी रुंद खाच घेतली जाते, कारण खोल खाचेत खोडाच्या दाबाने पाते अडकते आणि पुढच्या कामाला जागाही उरत नाही. त्यानंतर चेनसॉचे पाते खाचेच्या मागे, खोडाच्या कडेतून आरपार खुपसले जाते. हा काप पुढे सरकवून खाचेमागे व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीची सलग पट्टी ठेवतात. झाड पडताना ही पट्टी दाराच्या बिजागरीप्रमाणे वाकते आणि खोडाला दिशा देते. मग काप मागच्या दिशेने नेला जातो, परंतु अगदी मागच्या काठावरचे थोडे लाकूड, म्हणजे नेमके ताणकाष्ठाचे, जाणूनबुजून शाबूत ठेवले जाते. या टप्प्यावर मधले लाकूड पूर्ण कापलेले असूनही झाड जागचे हलत नाही, आणि तोडणाऱ्याला पाते बाहेर काढून, आजूबाजूला नजर टाकून, माघारीची वाट मोकळी असल्याची खात्री करण्याइतकी उसंत मिळते. या पद्धतीचे सगळे मोल या उसंतीत आहे. शेवटी बाजूला उभे राहून, मधल्या कापाच्या किंचित खालून, ती मागची पट्टी कापली की झाड एकदम सुटते, पातळ बिजागरी तत्काळ वाकते आणि चिरण्यास कारणच उरत नाही.

पाते खुपसण्याची क्रिया मात्र शिकूनच करावी लागते. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला टेकला तर साखळीचे दात अडकून संपूर्ण यंत्र वर व मागे, चेहऱ्याच्या दिशेने उसळते. म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या भागाने करून, पुरेशी खोली मिळाल्यावरच पाते सरळ आत ढकलतात. अशा झटक्याने साखळी थांबवणारा ब्रेक आधुनिक यंत्रांत असतो, आणि मांड्यांवर घालायच्या संरक्षक पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात, जे साखळीच्या दातांत ओढले जाऊन चक्र जाम करतात. आपल्याकडे रस्त्यालगतची झाडे चप्पल आणि साध्या पँटवर तोडणारी माणसे आजही दिसतात, ही गोष्ट कोणत्याही कंत्राटाच्या दरात बसवून समर्थनीय ठरत नाही.

पाते खुपसण्यास जागा नसलेले बारीक, पण जोराने कललेले खोडही तितकेच दगा देते. तेथे दोन्ही बाजूंचे लाकूड आधी कापून मध्ये अरुंद भाग ठेवतात आणि तो मागून झपाट्याने तोडतात. मोठ्या खोडाला कापाच्या वर साखळदंड घट्ट आवळणे, हा जादा बंदोबस्त आहे.

जून 2020 मधल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरात असंख्य झाडे आडवी केली. अशा वादळानंतर अर्धवट उपटून कललेल्या झाडांचा हिशेब आणखी वेगळा असतो, कारण तेथे ताण मुळांच्या गड्ड्यातही साठलेला असतो आणि खोड कापताच तो गड्डा मातीसह परत उभा राहू शकतो; त्याच्या मागच्या खड्ड्यात माणूस उभा असता कामा नये. वाळलेल्या किंवा आतून कुजलेल्या झाडात तर बिजागरीवरच भरवसा ठेवता येत नाही, कारण तिचे तंतू वाकण्याऐवजी काडकन मोडतात. म्हणून काप घेण्यापूर्वी कुऱ्हाडीच्या पाठीने खोड चहूबाजूंनी ठोकून पाहतात, आणि आवाज पोकळ आला तर बुंध्याला हात न लावता, उचलून धरणाऱ्या क्रेनच्या किंवा उंच मंचाच्या साह्याने, शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी झाड उतरवतात.