आधी वर्तुळ, मग उडी

सप्टेंबर 2025 मध्ये चीनच्या बेइदाइहे शहरात आनंदकुमार वेलकुमारनं 1000 मीटर स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण जिंकलं, पाठोपाठ 42 किलोमीटरची मॅरेथॉनही जिंकली, आणि स्केटिंग म्हणजे वेग हे आपल्याकडे आणखी पक्कं झालं. याच आनंदकुमारच्या जोडीनं महाराष्ट्राच्या सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे यांनी 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर रिलेचं कांस्य मिळवलं होतं. अभिमान वाटावा असंच हे यश आहे. पण अहिल्यानगरसारख्या शहरात दोन-तीन वर्षं क्लबला जाणारी, शर्यतीपेक्षा गिरकीत रमणारी एखादी मुलगी असते. या बातम्यांमध्ये तिला तिची वाट दिसत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त तिच्या आईबाबांसाठी.

आधी एक विसरली गेलेली गोष्ट. आशियाई स्पर्धांत चाकांवरच्या स्केटिंगमधलं भारताचं पहिलं पदक वेगाचं नव्हतं. 2010 मध्ये ग्वांगझोउला हैदराबादच्या अनुपकुमार यामानं कलात्मक स्केटिंगच्या एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचालच्या साथीनं जोडीतही कांस्य मिळवलं. 2015 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे बर्फावरच्या फिगर स्केटिंगचं हे चाकांवरचं भावंड आपल्याला परकं नाही. तरीही गल्लीतल्या कोणाला विचारा, स्केटिंगच्या क्लबात काय शिकवतात? उत्तर येईल, ‘पळायला’.

सुरुवातीचं वर्ष तसं सगळ्यांचंच मजेत जातं. पडायचं कसं, उठायचं कसं, ढकलायचं कसं, थांबायचं कसं. पुढे क्रॉसओव्हर येतो, उलटं जाणं येतं, आणि मूल मोबाइलच्या व्हिडिओत छान दिसू लागतं. खरी शाळा इथून सुरू होते आणि नेमकी इथेच मुलं गळतात, कारण यापुढची प्रगती बघणाऱ्याला दिसत नाही. ती पायाखाली घडत असते.

पायाखाली म्हणजे कडेवर. प्रशिक्षक त्याला ‘एज’ म्हणतात. पाय डावा की उजवा, जाणं पुढे की मागे, भार पावलाच्या आतल्या कडेवर की बाहेरच्या, अशा मिळून आठ कडा होतात. 1863 साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं चार चाकांच्या स्केटला रबराची उशी बसवली. तेव्हापासून पाऊल कललं की चाकांचे आस वळतात आणि स्केट वक्र मार्ग धरतो. सगळं कलात्मक स्केटिंग या एका कलण्यावर उभं आहे. म्हणून बुटाखालचा नट किती आवळलाय याला महत्त्व असतं. फार घट्ट असेल तर स्केट सरळच जातो, फार सैल असेल तर डगमगतो, आणि वजन वाढणाऱ्या मुलासाठी तो अधूनमधून पुन्हा जुळवावा लागतो.

आता उड्या. वर्गात सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे असतं. टो लूप, सालकॉव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सल. सुटण्याच्या तऱ्हा सहा, उतरण्याची तऱ्हा मात्र एकच. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणारा खेळाडू प्रत्येक उडीनंतर उजव्या पायावर, मागे जात, बाहेरच्या कडेवर उतरतो. ही एक कड कच्ची राहिली की सहाही उड्या कच्च्या राहतात. पुढे तोंड करून सुटणारी उडी एकटी अ‍ॅक्सल, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्तीची. ती 1882 मध्ये व्हिएन्नात प्रथम मारणारा नॉर्वेचा अ‍ॅक्सल पॉलसेन शर्यतीही पळायचा आणि त्या दिवशी त्याच्या पायात शर्यतीचेच स्केट होते. वेग आणि कला यांचं वैर नाही, हे सांगायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

ही कड पक्की कशी होते? माझं उत्तर ठाम आहे: वर्तुळं गिरवून. साधारण 6 मीटर व्यासाची वर्तुळं एकाला एक लागून आखायची आणि एका पायावर, एका कडेवर, रेषा न सोडता फिरायचं. मग दुसऱ्या पायावर. मग उलट दिशेनं. मग रेषेवरच थ्री टर्न घेऊन तोंड फिरवायचं, पण रेषा सोडायची नाही. याच आकृत्यांनी ‘फिगर’ स्केटिंगला नाव दिलं.

या विद्येची सर्वात मोठी साधक म्हणजे ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा. 1972 च्या सापोरो ऑलिम्पिकमध्ये तिनं सक्तीच्या आकृत्यांत एवढी आघाडी घेतली की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्ण तिचंच राहिलं. दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांनी पाहिलं होतं ते फक्त मुक्त स्केटिंग. त्यात अमेरिकेच्या जॅनेट लिननं सगळ्यांची मनं जिंकली होती आणि तिला मात्र कांस्य मिळालं. लोक गोंधळले, चिडले. पुढच्याच वर्षी लघु कार्यक्रम आला, आकृत्यांचं वजन घटत गेलं, आणि 1990 च्या हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेनंतर बर्फावरून त्या बादच झाल्या. कॅमेऱ्याला न दिसणारं कौशल्य कॅमेऱ्यासाठी काढून टाकलं गेलं. मला हा निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. शुबाच्या पायाखालची रेषा हीच तिची कला होती. चाकांवरच्या स्केटिंगनं ही वर्तुळं पुढेही कितीतरी वर्षं जपली आणि त्याबद्दल या खेळाचे आभार मानले पाहिजेत.

आपल्याकडेही आज तोच दबाव आहे, फक्त कॅमेऱ्याच्या जागी प्रमाणपत्र आलंय. इतके तास अखंड स्केटिंग, गाड्यांच्या रांगेखालून लिम्बो, डोळ्यांवर पट्टी बांधून फेऱ्या, असे विक्रम होतात, सत्कार होतात. मुलांच्या जिद्दीला आणि लवचिकतेला माझा सलाम आहे. पण विक्रमाच्या सरावात गेलेला पावसाळा कडेच्या सरावातून वजा होतो. शिवाय दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब पाचवी-सहावीपासूनच घरात सुरू झाला, तर ज्या प्रकारात पदक लवकर दिसतं तिकडे मूल ढकललं जातं. कलात्मक स्केटिंग उशिरा फळणारं आहे.

पालकांच्या हाती असलेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे बूट. ‘वाढतं अंग आहे, दोन नंबर मोठा घेऊ’ हा हिशेब शाळेच्या बुटाला चालतो. इथे सैल बुटात टाच उचलली जाते, घोटा आत ढळतो आणि कड लागतच नाही. मग मूल ‘जमत नाही’ म्हणतं, प्रशिक्षक ‘लक्ष नाही’ म्हणतात, दोष मात्र बुटाचा असतो. मापाचे वापरलेले बूट मोठ्या मापाच्या नव्या बुटांपेक्षा केव्हाही चांगले. क्लबातल्या मोठ्या ताईचे छोटे झालेले बूट मिळाले तर आनंदानं घ्यावेत. आणि शर्यतीचे 110 मिलिमीटर चाकांचे इनलाइन आणून त्यावर गिरकी शिकवा म्हणू नये.

बर्फाचं स्वप्न असेल तर? डेहराडूनचं हिमाद्री आइस रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं गेलं, नंतर अनेक वर्षं बंद पडून होतं आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. अहिल्यानगरहून ते फार लांब आहे. पण 1998 मध्ये नागानोला पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी तारा लिपिन्स्की सुरुवातीला चाकांवरच शिकली होती, बर्फावर नंतर गेली. कडेची जाण पायात राहते.

आणि चाकांवर ही वर्तुळं गिरवायला लागतं काय? शहाबादी फरशीच्या सांध्यांत चाक अडकतं, डांबर खरबरीत असतं. नीट घोटलेला कोबा मात्र चालतो. एक खिळा, 3 मीटर सुतळी, खडू. 6 मीटरची तीन वर्तुळं ओळीत आखली तर 18 मीटर होतात. बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं, म्हणजे अशा दोन ओळी त्यात बसतात. शाळांकडे अशी मैदानं आहेत आणि सकाळी साडेसहाला बहुतेक ठिकाणी त्यांवर कोणी नसतं. पालकांनी क्लबच्या सरांकडे पुढच्या स्पर्धेची तारीख विचारण्याआधी आठवड्यातले कोणते दोन दिवस वर्तुळांसाठी राखलेत, हे विचारावं. एकही नसेल, तर मुख्याध्यापकांकडे मैदानाची परवानगी मागायला सरांबरोबर जावं.