कंद जमिनीतच राहू द्या!

पाऊस सुरू झाला की कर्नाळा, प्रबळगड, माथेरानच्या वाटांवर आपली गर्दी होते. यंदा जाल तेव्हा नजर जरा पायाखालीही टाका. उन्हाळाभर जमिनीत दडून बसलेले कंद याच दिवसांत अंकुरतात.

पनवेलच्या बाजारात जूनमध्ये दिसणारी शेवळाची जुडी आठवतेय? काकडं घालून, खाज मारून केलेली ती भाजी? ते रानसुरणाच्या जातीतल्या एका कंदाचं फुलोरं. वरचं शेवळ खुडलं तरी खाली कंद जिवंत राहतो. नंतर पान येतं आणि पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात भरतं. पण कंदच उपटला की विषय संपला.

कंदीलपुष्पाचं दुखणं असंच आहे. त्याच्या फुलाच्या नळीत बारीक माश्या काही काळ अडकतात आणि परागीभवन करून सुटतात. सह्याद्रीतल्या त्याच्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. काही जाती तर एखाद्या गडापुरत्या, एखाद्या पठारापुरत्या उरल्यात. अशा ठिकाणचे चार कंद कुणी ‘कलेक्शन’साठी किंवा विकायला खणून नेले, तर तिथली अख्खी वस्तीच उठते.

कायदा काय म्हणतो? राखीव जंगलातून वनोपज नेणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. तिथून परवानगीशिवाय झाड काय, कंदही आणता येत नाही. जमिनीवर उगवणाऱ्या हबेनारियासकट सगळ्या ऑर्किड्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारामुळे नियंत्रित आहे.

मग शेवळं विकणाऱ्या मावशी गुन्हेगार का? अजिबात नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने परंपरेने जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपजाचा हक्क दिलाय आणि त्यात कंदमुळंही येतात. कुंडीत लावायला कंद उचलणाऱ्या तुम्हा-आम्हाला तो हक्क नाही. त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी आपली सॅक तपासू या.

मग करायचं काय? फोटो काढा, बिनधास्त काढा. पण दुर्मीळ फुलाचं लोकेशन स्टोरीत टाकू नका. आयनॅचरलिस्टवर नोंद केलीत, तर धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण ते अ‍ॅप स्वतःच झाकतं. ऑनलाइन ‘जंगली कंद’ विकत घेताना तो नर्सरीत वाढवलेला आहे का, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर सरळ नाही म्हणा. मागणीच नसेल, तर खणणारा खणेल कशाला?