मावळतीचे चित्र आणि परतीची वाट

अमेरिकेतील सोनोरन वाळवंटात वसलेल्या फीनिक्स शहरात पायेस्टेवा हे सुमारे २,६०० फूट उंचीचे शिखर आहे. २००३ साली इराकमध्ये कामी आलेल्या लोरी पायेस्टेवा ह्या होपी सैनिक स्त्रीचे नाव त्यास दिलेले आहे. सूर्यास्ताचे छायाचित्र घेण्यासाठी हौशी मंडळी तेथे चढतात. सूर्य बुडाल्यावर काही मिनिटे आकाशाचा उजेड आणि नगरातील दिव्यांचा प्रकाश समतोल होतो. त्याआधी दिवे फिके दिसतात, नंतर आकाश काळवंडते. चित्राची खरी वेळ हीच. परंतु वाट दिसेनाशी होण्याचीही हीच. शिवाय दिवसभर तापलेले खडक अंधारातही उष्णता सोडीत असतात. म्हणून जाणता छायाचित्रकार कॅमेऱ्याबरोबर विजेरी बाळगतो, आणि निम्मे पाणी संपताच, चित्र मिळो वा न मिळो, माघारी वळतो.