चुंबक सुटतो तिथे

बॉयलरच्या छतावरच्या पेंटहाउसमध्ये वाकूनच फिरावं लागतं. ओव्हरहॉलसाठी वीजनिर्मिती संच बंद होता, तरी पायाखालची राख कोमटच. तपासनीस सुपरहीटरच्या नळ्यांवरून चुंबक फिरवत होते. चिकटत चाललेला चुंबक वेल्डपाशी येऊन सुटला. "इथून पुढे एसएस," ते म्हणाले.

अलीकडची नळी सव्वादोन टक्के क्रोमियमच्या पोलादाची, पलीकडची स्टेनलेसची. धातू फार तापतो तिथे महाग स्टेनलेस वापरायचं, बाकी ठिकाणी स्वस्त पोलाद. म्हणून हा जोड टळत नाही. ५४० अंशांच्या वाफेइतकं तापताना स्टेनलेस जास्त प्रसरण पावतं. ५१ मिलिमीटरच्या नळीत दोन्ही व्यासांत साधारण ०.१ मिलिमीटर फरक पडू पाहतो. वेल्ड तो पडू देत नाही, मग ताण तिथेच साचतो. संच निवला की तोच उलटा फिरतो.

शिवाय इतक्या उष्णतेत पोलादातला कार्बन हळूहळू जास्त क्रोमियमकडे सरकतो. मागे मऊ पट्टा राहतो, वितळरेषेवर कडक कार्बाइड जमतं, बाहेरून ऑक्साइडची पाचर शिरते. भेग पोलादाच्याच बाजूला, त्या रेषेलगत धावते. नळी आधी फुगत नाही, पातळ होत नाही, एकदम तुटते. मला या जोडाची धास्ती वाटते ती यामुळेच.

पूर्वी असे जोड स्टेनलेसच्याच तारेने भरत. आता निकेल मिश्रधातूची तार वापरतात: तिचं प्रसरण पोलादाच्या जवळपास, आणि कार्बनही तिच्यात सहज शिरत नाही. जोड कितीतरी जास्त टिकतो. अमर मात्र होत नाही.

तपासनिसांनी लाल डाय लावला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. एका जोडाच्या कडेने बारीक लाल रेघ उमटली. पृष्ठभागापर्यंत न आलेली भेग या चाचणीत दिसत नाही. रेडिओग्राफीतही तिरकी भेग निसटू शकते, अल्ट्रासॉनिक लागतंच.

दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, त्यामुळे कोळशाच्या संचांना भार उतरवावा-चढवावा लागतो, कधी बंदही राहावं लागतं, आणि दर वेळी या जोडांवरचा ताण बदलतो. या जोडांची नोंद नुसत्या चालू तासांत ठेवणं मला अपुरं वाटतं. संच किती वेळा थंड होऊन पुन्हा पेटला, तो आकडा प्रत्येक जोडासमोर हवा.

रेघ उमटलेला जोड कापून काढला. जागी बसवायचा तुकडा कारखान्यातच जोडून, तपासून आणलेला होता: एक टोक पोलादाचं, एक स्टेनलेसचं. त्या अडचणीच्या जागेत वेल्डरला आता पोलादाला पोलाद आणि स्टेनलेसला स्टेनलेस एवढंच जोडायचं होतं.